भाडं-बिडं

रिसीव्हर खिडकीच्या गजांतून बाहेर आला तो वायरीला धरून सोडलेला. काळी वेटोळ्यांची वायर माईंच्या चिमटीत होती आणि तिच्या टोकाला तो जड, गुळगुळीत रिसीव्हर लोंबत होता. मी खाली पायरीवर उभी होते. मी दोन्ही हात पुढे केले. ओंजळ. माझ्या आजीने आयुष्यभर ज्या ओंजळीत उंचावरून पाणी झेलले, तीच ओंजळ. आता पाण्याऐवजी आवाज ओतला जात होता, एवढाच फरक.

"लवकर आटप गं मास्तरणी. आमचा पुण्याचा फोन यायचाय," माई म्हणाल्या.

मी मराठीची एम.ए. होते. सेलूच्या शाळेत वरच्या वर्गांना कविता शिकवीत होते. त्या सकाळी वृत्ते शिकवून आले होते, आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पायरीवर उभी राहून गजांतून लोंबणाऱ्या भावाच्या आवाजाला कान लावीत होते. "ताई, मी बरा आहे," मिलिंद औरंगाबादहून सांगत होता. मी म्हणाले, "बरं." मला आणखी पुष्कळ विचारायचे होते. पण खिडकीत माई उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात ओले फडके होते.

मी रिसीव्हर खिडकीच्या चौकटीवर ठेवला. माझी पाठ वळण्याआधी त्यांनी तो पुसला. निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकून पुसला. पुढच्या वेळी कानाला लावला की तो थंड, झोंबरा वास यायचा. सगळ्यांना वाटायचे, काय स्वच्छ घर आहे. मला ठाऊक होते, तो वास माझ्यासाठी होता.

मी मूळची ताडकळसची. गावाच्या बाहेरची. सेलूत कापूस बाजाराच्या मागे सोसायटीची जोडघरे होती, दोन घरांत एक भिंत. बदली होऊन गेलेल्या एका शिक्षकाचे घर मी भाड्याने घेतले होते. मालक लांब होता म्हणून मिळाले. शेजाऱ्यांना विचारून द्यायचे असते तर मिळाले नसते. माझ्याबरोबर माझी माय राहायची. भिंतीपलीकडे नलिनी, तिचे यजमान अण्णासाहेब आणि तिच्या सासूबाई, माई. अण्णासाहेबांची जमीन होती, शिवाय कापसाचा व्यापार होता. नलिनी माझ्याच शाळेत, माझाच विषय शिकवायची. आमचे वयही एकच होते. थंडीत जिनिंगकडून कापसाचे तंतू उडत यायचे आणि दोघींच्याही खिडकीच्या जाळीला सारखेच चिकटायचे. तेवढी एकच गोष्ट आमच्यात समान वाटली गेली होती.

मला नलिनीचा हेवा वाटायचा. हे मी आधीच सांगते, कारण माझ्यासारखीने अशा आठवणी सांगताना फक्त राग सांगावा अशी अपेक्षा असते. राग होता. पण रागाच्या खाली हेवा होता, आणि तो जास्त जुना, जास्त ओला होता.

तिच्या पाटल्यांचा नव्हे. तिच्या साड्यांचा नव्हे. मला तिच्या 'हॅलो'चा हेवा वाटायचा. घंटी वाजली की ती स्वयंपाकघरातून सावकाश यायची. धावायची नाही. पदराला हात पुसायची, रिसीव्हर उचलायची आणि 'हॅलो' म्हणताना शेवटचा 'लो' असा लांबवायची, की जणू सगळे जग तिचे माहेर आहे आणि पलीकडून कुणीही बोलले तरी ते तिच्या लाडाचेच असणार आहे. मी भिंतीला टेकून ऐकायचे. भिंत पातळ होती. माझ्या तोंडून तसा 'हॅलो' कधी निघाला नाही. माझा 'हॅलो' प्रश्नासारखा यायचा. काय झालं? कोण गेलं? कुणाला धरून नेलं?

त्या वर्षांत फोन म्हणजे आमच्यासाठी तेच होते. मिलिंद विद्यापीठात शिकत होता आणि शिकण्यापेक्षा जास्त मोर्च्यांत होता. विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाडा धुमसत होता, आणि आमच्यासारख्या प्रत्येक घरात कुणीतरी एक जण त्या धगीत उभा होता. गावागावांत वस्त्या जळाल्याच्या आठवणी ताज्या होत्या. माय सारखी म्हणायची, "पोराचा आवाज आला म्हंजी लेकरू जित्तं हाय." आम्हाला फोनवरून तेवढेच हवे होते.

शेजाऱ्याचा नंबर दिला की पुढे 'पी.पी.' लिहायची तेव्हा रीत होती. शाळेच्या दप्तरात माझ्या नावापुढे नलिनीच्या घरचा नंबर आणि 'पी.पी.' होते. एकदा अण्णासाहेब ओसरीत चहा पिता पिता मोठ्याने म्हणाले, "पी.पी. म्हंजे काय, ठाऊक हाय का बाई? परक्याची पायरी!" सगळे हसले. नलिनी पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. विनोद चांगला जमला होता, आणि मी भाषेची शिक्षिका होते.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनीच प्रस्ताव मांडला.

"बाई, तुमालाबी तकलीफ, आमालाबी तकलीफ. येळी-अवेळी खिडकीत उभं ऱ्हावं लागतंय. माई म्हाताऱ्या झाल्या आता. एक पॅरलल काढून देतो तुमच्या घरात. घंटी वाजली की घरबसल्या बोला. भाडं-बिडं निम्मं-निम्मं करू. फक्त वर्षभर तरी चालवा, तारेची मेहनत वाया नको जायला."

मी नुसती मान हलवली नाही, मी तिथल्या तिथे 'हो' म्हणाले. त्यांनी माझ्या सोयीसाठी हे केले नव्हते, त्यांना पायरी मोकळी हवी होती, हे मला समजत होते. पण मला घंटी हवी होती. माझ्या घरात वाजणारी. गल्लीतल्या बायकांनी कान टवकारून म्हणावे, बाईंकडं फोन वाजायलाय. या एका वाक्यासाठी मी 'हो' म्हणाले.

त्यांच्या अडगळीतला जुना काळा फोन आला. एका कोपऱ्याला तडा गेलेला. आत कुठेतरी कापसाच्या गोदामाचा, सरकीच्या तेलाचा वास मुरलेला. मायने तो पदराने पुसला, मग त्याच्यावर माझा जुना भरतकामाचा रुमाल घातला. तिने त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"आता हितनं मिलिंदाला आपुन बोलवायचं का?"

"नाही माय. त्याचा आला तर बोलायचं."

"मंग ह्यो मुका हाय म्हन की. नुस्ता आयकणारा."

डायलच्या भोकात एक छोटे पितळी कुलूप होते. किल्ली भिंतीपलीकडे, माईंच्या कमरेच्या जुडग्यात. "पोरंसोरं फिरवत्यात उगं," अण्णासाहेबांनी कुलूप लावताना सांगितले होते. माझ्या घरात पोरंसोरं नव्हती. आम्ही दोघीच होतो. माय आणि मी.

आणि तरीही, पहिल्यांदा ती घंटी माझ्या घरात वाजली तेव्हा मी हातातली वही टाकून उठले. तांब्याच्या भांड्यात खडे टाकून कुणी हलवावे तसा तो आवाज होता. फोन नलिनीच्या बहिणीचा होता. तरीही तो माझ्या भिंतींना लागून घुमला होता.

पॅरलल म्हणजे दोन घरांत एकच आवाज. मी रिसीव्हर उचलला की पलीकडचे बोलणे ऐकू येई. मी ऐकत असे. त्याचा मला खेद नाही. त्या बोलण्याचे निम्मे पैसे मी देत होते.

आणि काय ऐकले मी? काहीच नाही. तिथेच तर हेवा पेटला. नलिनी पुण्याच्या बहिणीशी तासन्‌तास काहीही बोलायची नाही. कैरीच्या लोणच्याला मोहरी जास्त झाली. साडीला फॉल कोणत्या रंगाचा लावावा. मांजराला पिल्ले झाली, एकाचे कान पांढरे आहेत. मग दोघी हसायच्या. मग एक लांब शांतता, ज्यात तारेतून नुसती सरसर ऐकू यायची, आणि त्या शांततेचेही पैसे पडत होते, आणि दोघींनाही त्याची पर्वा नव्हती. "आणखी काय?" "काही नाही गं." "बोल ना." "तू बोल."

मी अंधाऱ्या खोलीत रिसीव्हरवर हात झाकून उभी राहायचे आणि माझे डोळे भरून यायचे. मला कवितेत इतकी वर्षे जे सापडले नव्हते ते त्या मांजराच्या पिल्लात होते. काही अर्थ नसलेले बोलण्याची ही केवढी श्रीमंती. माझ्या माणसांना फक्त वाईट बातमीलाच फोन परवडायचा. मिलिंदने कधी मला आकाशाचा रंग सांगितला नाही. "बरा आहे" म्हणायचा आणि ठेवायचा. मला त्या पांढऱ्या कानांच्या पिल्लाचा हेवा वाटला. माणसाने मांजराच्या पिल्लाचा हेवा करावा, इतकी मी त्या तारेला बांधली गेले होते.

पहिले बिल आले तेव्हा अण्णासाहेब स्वतः दारात आले. आत आले नाहीत. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मला वाटले ऐकण्यात चूक झाली.

"अण्णासाहेब, भाड्याचं निम्मं ठरलं होतं. फोन तर मला लावताच येत नाही."

"भाडं कुठं म्हणलं व्हतं बाई? भाडं-बिडं म्हणलं व्हतं. बिडं म्हंजे बिल."

ते हसत नव्हते. आधी मला वाटले हा आणखी एक विनोद आहे, म्हणून मीच हसायच्या बेतात होते.

शाळेत मी मुलांना अभ्यस्त शब्द शिकवीत असे. दगडबिगड. झाडबिड. फळ्यावर लिहून सांगत असे, मुलांनो, यातल्या दुसऱ्या शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो. तो पहिल्याच्या मागे नुसता लटकतो. व्याकरणात तसेच आहे. पण अण्णासाहेबांचे व्याकरण वेगळे होते. जमीन त्यांची, तार त्यांची, म्हणून 'बिडं'चा अर्थही त्यांचा. ज्या शब्दाला अर्थच नव्हता त्यानेच त्यांनी मला बांधून घातले. आणि मी कोण होते त्या घरात? त्यांच्या फोनच्या मागे लटकलेली. बिडं.

मी पैसे दिले. पुढच्या वेळीही दिले. अण्णासाहेब कापसाच्या भावासाठी मुंबईला रोज बोलायचे. त्याचे निम्मे मी द्यायचे. नलिनीच्या लोणच्याचे निम्मे मी द्यायचे. मिलिंदच्या मेसचे पैसे उशिरा जाऊ लागले. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. मायने सकाळचा चहा सोडला. म्हणाली, "चहानं पित्त खवळायलंय." मला समजत होते पित्त कुणामुळे खवळले आहे.

मी एकदा सांगून पाहिले. "अण्णासाहेब, मला हे झेपत नाही. तार काढून न्या. मी पुन्हा पायरीवर येईन."

"असं कसं बाई. जुबान दिली व्हती तुमी वर्षाची. शिकल्यासवरल्या तुमी. आता मदी सोडलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, ह्यांचं असंच असतंय."

'ह्यांचं' म्हणजे कुणाचं, ते त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती.  त्या एका शब्दाने त्यांनी मला माझ्या सगळ्या जातीची इभ्रत सांभाळायला लावले, आणि त्यासाठी दरमहा पैसे भरायला लावले. मी शाळेत मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, "बाई, शेजार आहे. संबंध बिघडवू नका. थोडं सोसा." नलिनी शेजारच्याच खुर्चीवर वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही.

आणि खरे सांगू? मीही जोर लावला नाही. कारण घंटी. कारण दर वेळी ती वाजली की काळजात आशा उसळायची, की या वेळी माझ्यासाठी कुणीतरी काहीही कारण नसताना फोन केला असेल. तो कधी आला नाही. पण मी वाट पाहत राहिले. हेव्याची ही सवय फार वाईट. ज्याच्यामुळे जळतो, त्याचेच भाडे भरत राहतो.

मग तो दिवस.

शाळेला मधली सुट्टी होती. माझी तब्येत बरी नव्हती, म्हणून मी घरी आले होते. ऊन टळटळीत. माय दारात ज्वारी पाखडत होती, सुपाचा लयीत आवाज येत होता. घरात एकटी असताना ती फोन उचलत नसे. घंटी वाजली. मी का कोण जाणे धावत गेले नाही. नलिनीसारखी सावकाश गेले. पदराला हात पुसला. रिसीव्हर उचलला. त्याच क्षणी पलीकडे नलिनीनेही उचलला होता. तिची त्या दिवशी रजा होती. त्यांच्याकडे पाहुणे होते.

"हॅलो." तोच लांबलेला 'लो'.

पलीकडून एका मुलाने माझे नाव घेतले. पूर्ण नाव. आडनावासकट. "त्यांना बोलवता का जरा? औरंगाबादहून बोलतोय. अर्जंट आहे."

नलिनीच्या मागे पुरुषांचे आवाज होते. बशीवर कप ठेवल्याचा आवाज. कुणीतरी नामांतराबद्दलच बोलत होते, मोठ्याने, वैतागून: "हे एकदा दिलं की उद्या..." आणि मध्येच थांबून त्याने विचारले, "कुणाचा हाय वहिनी?"

 तारेची सरसर.

"इथं त्या नावाचं कुणी नाही," नलिनी म्हणाली. "राँग नंबर."

जी रोज सकाळी शिक्षकांच्या खोलीत मला 'बाई' म्हणायची. जिच्या रजेत तिच्या वर्गातली पोरे मी सांभाळायचे. जिची भिंत माझी भिंत होती. तिने माझ्याच घरात, माझ्याच कानात, मी निम्मे पैसे भरत असलेल्या तारेतून सांगितले की मी नाही.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.   आवाज फुटला तो मला ओळखूच आला नाही.

"आहे. मी आहे. बोल."

तारेत तिघांचा श्वास. पलीकडे पुरुषांचे बोलणे थांबले होते की काय, ते मला ठाऊक नाही. नलिनीने फोन ठेवला नाही. तिच्या बांगड्या रिसीव्हरला लागून किणकिणल्या.

"ताई? ताई, मी सिद्धार्थ. मिलिंदच्या रूमवरचा. सकाळपासून लावायलोय ताई. राँग नंबर, राँग नंबर म्हणून ठिवून देत्यात. मिलिंदला लय मार लागलाय. मोर्च्यात. डोक्याला. दवाखान्यात हाय. शुद्धीवर न्हाई. हितं डॉक्टर म्हणत्यात घरचं माणूस पायजे सहीला. तुमी या ताई. आत्ताच निघा."

"निघाले," मी म्हणाले. आणि मग, तितक्याच शांतपणे, "नलिनीताई, आता तुम्ही फोन ठेवा."

खट्. ठेवल्याचा आवाज आला.

मायला सांगितले तेव्हा सूप तिच्या हातात तसेच राहिले. ज्वारी मात्र पडली. तिने एवढेच विचारले, "सकाळपून?"

दुपारच्या पॅसेंजरने आम्ही औरंगाबाद गाठले. सही मी केली. डॉक्टर त्या सहीसाठी सकाळपासून थांबले होते. मिलिंद वाचला. डाव्या हाताची मूठ मात्र आजही त्याला घट्ट वळता येत नाही. मारामुळे की उशिरामुळे, मी डॉक्टरांना विचारले नाही. उत्तर मिळाले असते तर मला कुणाला तरी थोडेसे माफ करावे लागले असते. मला कुणालाही थोडेसे माफ करायचे नव्हते.

शुद्धीवर आल्यावर सिद्धार्थकडून त्याला कळले तेव्हा तो पुटपुटला, "ताई, नंबर चुकला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "नंबर बरोबर होता."

सेलूला परत आले त्याच आठवड्यात अण्णासाहेबांचा निरोप आला. बिल आलंय. मी निरोप्याला सांगितले, मी स्वतः येते.

मी भिंतीतल्या पेटीतून वायर ओढून काढली. फोन दोन्ही हातांत घेतला. तो जड होता, आणि अजूनही त्याला सरकीचा वास होता. भरतकामाचा रुमाल मी काढून ठेवला. तो माझा होता. माय म्हणाली, "मी येऊ का गं?" मी म्हणाले, "नको. तू भिंतीला कान लाव. आज आपली पाळी आहे ऐकायची." ती हसली. औरंगाबादहून आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

मी खिडकीकडे गेले नाही. पायरीवर थांबले नाही. पुढच्या दाराने आत गेले, त्यांच्या बैठकीत. फरशी थंड होती, आणि किती गुळगुळीत. इतक्या दिवसांत माझे पाऊल तिच्यावर कधी पडले नव्हते. अण्णासाहेब सोफ्यावर होते, समोर दोन व्यापारी चहा पीत होते. माई माजघराच्या दारात होत्या.

"अगं, आत कुठं येतीस—" माई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. पुढे काय म्हणायचे ते त्यांना चारचौघांत सुचेना.

मी फोन टीपॉयवर ठेवला. कपांच्या मधोमध.

"हे काय बाई?" अण्णासाहेब हसायचा प्रयत्न करीत होते. "वर्ष कुठं झालंय आजून? जुबान दिली व्हती तुमी. करार मोडायलाव का?"

"अण्णासाहेब, करार कुणाशी झाला होता?"

"तुमच्याशी. दुसरं कुणाशी?"

"तुमच्या घरातून फोनवर सांगितलं, इथं त्या नावाचं कुणी नाही. एकदा नाही, सकाळपासून सांगितलं. मी नाहीच, तर करार कुणी केला? जी नाही, तिच्याकडून तुम्ही पैसे कसे घेता?"

व्यापाऱ्यांपैकी एकाने बशी खाली ठेवली.

"ते... पाव्हणे व्हते बाई त्या दिवशी. समजून घ्या की जरा."

"मी समजून घेतलंय. म्हणून तर आलेय. बिडं म्हणजे बिल हा अर्थ तुमचा होता, तो मी मानला. आता 'कुणी नाही' याचा अर्थ मी सांगते, तो तुम्ही माना. कुणी नाही म्हणजे देणं नाही. आजच्या दिवसापासून एक पैसा नाही."

नलिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात चमचा होता आणि त्यातून साय ओघळत होती. तिचे लक्ष नव्हते. मी तिच्याकडे पाहिले. मला वाटले होते मला राग येईल. आला नाही. आला तो पुन्हा हेवाच. या क्षणीही तिला काही करावे लागत नव्हते. नुसते उभे राहावे लागत होते.

"जातीवर गेलीच शेवटी," मी बाहेर पडताना माई म्हणाल्या. हळू, पण मला ऐकू यावे इतके मोठ्याने.

मी दारातच वळले. "हो माई. गेलेय. यापुढे तिथूनच बोलणार आहे."

त्यानंतरचे फार काही नाही. गल्लीत दूध टाकणाऱ्याने काही दिवस माझ्या दारी यायचे सोडले. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून 'सामंजस्य' हा शब्द खूप वेळा वापरला. शाळेच्या दप्तरातला तो नंबर मी स्वतः उभी राहून खोडायला लावला, कारकुनाने विचारले, "मग दुसरा कोणता लिहू?" मी म्हणाले, "रिकामं ठेवा. खोटं लिहिण्यापेक्षा रिकामं बरं." मिलिंदशी पत्रे चालू राहिली. निरोप यायचे तर बसच्या कंडक्टरकडून, ओळखीच्या पोरांकडून. उशिरा यायचे. पण माझ्यापर्यंत यायचे. मध्ये कुणी मला नाहीसे करीत नव्हते.

पुढच्या संक्रांतीच्या आसपास विद्यापीठाला नाव मिळाले. जुन्या नावाला जोडून. गावोगाव आनंद झाला आणि गावोगाव भीतीही. मिलिंद त्या दिवशी घरी होता. तो फक्त म्हणाला, "जोडून दिलंय ताई."  त्या शब्दाचे वजन त्या घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होते.

त्यानंतर काही दिवसांनी नलिनी आली. पहिल्यांदाच माझ्या दारात. भर दुपारी, पदर डोक्यावरून घेऊन, कुणी पाहील म्हणून चोरट्यासारखी. मी तिला आत घेतले. बसायला खुर्ची दिली. पाणी दिले. ती प्यायली. हे मला नोंदवून ठेवावेसे वाटते, कारण तिला ते कठीण गेले आणि तरी ती प्यायली.

"बाई, पॅरलल परत जोडून घ्या. पैसे नकोत. मी त्यांना सांगितलंय. एक पैसा नको." मग खाली बघत म्हणाली, "मला भीती वाटली हो त्या दिवशी. एवढे सगळे बसलेले. माझ्या घरात तुमच्या नावाचा फोन येतो हे कळलं असतं तर... मला नुसती भीती वाटली."

मी तिच्या हातांकडे पाहत होते. मऊ होते. मोहरीचा वास होता त्यांना.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्हाला चार पाहुण्यांची भीती वाटली. मला तुमच्या भीतीचाही हेवा वाटतो, नलिनीताई. किती लहान आहे ती. पाहुणे उठून गेले की संपते."

ती रडली. मी तिला रडू दिले. पाठीवर हात ठेवला नाही. मला ठेवता आला असता; आम्हा बायकांना ते जमते. मी ठेवला नाही.

"तार नको," मी सांगितले. "फुकट तर मुळीच नको. ज्या दिवशी बैठकीत सगळे बसलेले असताना तुम्ही माझे नाव घ्याल, पूर्ण, आडनावासकट, त्या दिवशी या. तोवर भिंत राहू द्या मध्ये."

ती गेली. तो दिवस घेऊन नलिनी अजून आलेली नाही.

मी अजून शिकवते. वर्गात हजेरी घेताना आता मी प्रत्येक पोराचे नाव आडनावासकट घेते. काही पोरे दबकून 'हजर' म्हणतात. मला ठाऊक आहे कोणती आणि का. मी थांबते. पुन्हा घेते. आवाज मोठा येईपर्यंत पुढचे नाव घेत नाही. कुणाला राग येतो तर येऊ दे. जिथे माझे नाव घ्यायला कुणाची जीभ जड होते, तिथे मी यापुढे पाय ठेवणार नाही, तिथे मी पैसा देणार नाही, आणि तिथे मी गप्पही बसणार नाही.